एकास बारा

अहवालाच्या चौथ्या पानावर एक तक्ता आहे:
गटातील प्रत्येकाचे योगदान, टक्क्यांत.
बेरीज शंभर यायला हवी.
रात्रीचे दोन वाजलेत, हॉस्टेलचा पंखा कुरकुरतोय,
माझ्या तळहातांवर अजून जांभ्याची लाल धूळ,
रेषांत बसलेली, साबणाला न जुमानणारी.

आम्ही सहा जण मिठबावच्या सड्यावर गेलो
ते दहा मार्कांसाठी, आधीच सांगून टाकते.
संस्थेची कार्यशाळा: कागदी पिशव्या, आगळाच्या बाटल्यांना लेबलं.
काम करणारी अकरा माणसं, चौघं चाकाच्या खुर्चीत,
आणि दाराला दोन फूट उंच जोतं.
रोज सकाळी चौघांना कुणीतरी उचलून आत ठेवायचं,
सामानासारखं.
सामान हा शब्द शेवंतीताईंचा.

आमच्याकडे लॅपटॉपवर वेळापत्रक होतं,
रंगीत चौकोन, प्रत्येक चौकोनात नाव.
शार्दूल खर्च, रुबिना खरेदी, प्रज्वल देखरेख.
पहिल्या दिवशी सगळ्यांनी देखरेखच केली.

बाबल गवंडी विडी विझवत म्हणाला,
"चिरो येकट्यान उचलूचो नसता, झिला."
शार्दूल जिमला जातो. त्यानं उचलला.
दुपारी त्याच्या अंगठ्याचं नख निळं झालं,
मग काळं,
आणि आम्ही दोघादोघांनी उचलायला लागलो.

दोघांनी चिरा न्यायचा म्हणजे
समोरच्याच्या पावलाला पाऊल लावायचं,
त्याला दम लागला की आपण थांबायचं,
"ठेवू?" विचारायचं
आणि "ठेव" ऐकल्याशिवाय बोटं काढायची नाहीत.
रुबिनाशी दीड वर्षात मी जेवढं बोलले नव्हते
तेवढं या दोन शब्दांत झालं.

तिसऱ्या दिवशी रॅम्प तयार. आठ फूट लांब, खर्चात बसणारा.
फोटो काढले. फोटोत तो छान दिसतो.
शेवंतीताई आल्या, चाकांवर हात ठेवून खालून वर बघत राहिल्या.
"वर जायन मी कशीबशी. खाली येताना थेट बावीत."
हसल्या त्या एकट्याच.
मग हिशेब सांगितला:
एक हात वर चढायचं तर बारा हात पुढे जायचं.
आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.
त्या तर पहिल्या दिवसापासून दारातच होत्या.

रात्री भांडण झालं. सिमेंट संपलंय, पैसे संपलेत,
दहा मार्कांना एवढं पुरे.
हे शेवटचं वाक्य माझं. अहवालात ते नाही.

सकाळी कसल्यातरी ठोक्यांनी जाग आली.
आठवडाभर कुठल्याच मीटिंगमध्ये न बोललेला जोसेफ
पहारीनं रॅम्प फोडत होता, सावकाश,
चिरे पुन्हा वापरता येतील असा.
बाबलनं दुसरी पहार माझ्यापुढे धरली.
मी घेतली, दुसरं करणार काय होते?
रुबिनानं राजापूरच्या मामूंना फोन लावला;
खाणीवरचे कानतुटके चिरे टेम्पोभर आले,
सोबत डबाभर सांदणं.

चोवीस फूट लागणार. अंगण बारा फुटांवर संपतं,
तिथं फणस उभा.
फणस तोडायचा नाही, यावर मतं घ्यावी लागली नाहीत.
बारा फूट जायचं, फणसापाशी वळायचं, बारा फूट परत यायचं.
वळणावर खुर्ची टेकेल एवढी सपाट जागा.

आता तक्ता.
शंभर भागिले सहा, सगळ्यांना सोळा पूर्णांक सहासष्ट.
बेरीज नव्व्याण्णव पूर्णांक शहाण्णव येते
आणि खालचा चौकोन लाल होतो.
चार शतांश कुणाचे, मला ठरवता येत नाही.
शार्दूलचं नख अजून आलेलं नाही.

त्या दिवशी शेवंतीताई चढत होत्या
आणि वळणावर थांबल्या.
अडकल्या, असं वाटून प्रज्वल धावणार होता,
रुबिनानं त्याची बाही धरली.
त्यांनी सुटलेला आंबाडा दोन्ही हातांनी बांधला,
काजूंच्या फटीतून दिसतो तेवढा समुद्र पाहिला,
घाई नसलेल्या माणसासारखा.
मग चाकं वळवली.